श्रीलंकेतून शांतिसेना परत आणली ते बरोबर होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै १९८७ च्या अखेरीस भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. २४ मार्च १९९० रोजी तिची शेवटची तुकडी त्रिंकोमाली बंदरातून निघाली. सुमारे १,२०० जवान आणि अधिकारी परत आले नाहीत, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले. आपल्याकडे कारगिलबद्दल जेवढे बोलले जाते त्याच्या दशांशानेही या मोहिमेबद्दल बोलले जात नाही. जे बोलतात ते बहुधा एकच विचारतात: माघार घेतली ते बरोबर की चूक?

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरे कुठून येतात ते कळेल. परत येणे बरोबर होते. उशिरा आलो हे चुकले. आणि ज्या तमिळ माणसांनी आपल्या भरवशावर उघडपणे बाजू घेतली, त्यांना ज्या तऱ्हेने मागे सोडले ते सगळ्यांत जास्त चुकले.

मुळात आपले सैन्य तिथे गेलेच कशाला?

जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या जाफन्याजवळ तमिळ वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईने, श्रीलंकेचे १३ सैनिक मारले. त्यानंतर कोलंबोसह अनेक शहरांत तमिळांची घरेदारे, दुकाने जाळली गेली, माणसे मारली गेली. पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत आले. त्याच काळात भारताने तमिळ बंडखोर गटांना आश्रय दिला, प्रशिक्षण दिले, शस्त्रेही दिली. त्यांत एलटीटीई होती. ही गोष्ट वगळून पुढचे काहीच समजत नाही, म्हणून ती पहिल्याच उत्तरात लिहितो.

१९८७ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पातल्या वडमराच्चीवर जोरदार चढाई केली. भारताने ३ जूनला मदतसामग्रीच्या बोटी पाठवल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने परत फिरवल्या. दुसऱ्याच दिवशी हवाई दलाच्या एएन-३२ विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणाखाली जाफन्यावर अन्नधान्य आणि औषधे टाकली. कोलंबोला इशारा समजला. २९ जुलैला राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळबहुल उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करायचे, त्यांना स्वायत्तता द्यायची, बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची आणि भारताने या सगळ्याची हमी घ्यायची, असा तो करार होता.

ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची त्या एलटीटीईची सही मात्र करारावर नव्हती. बाकी गटांचीही नव्हती. आपण दुसऱ्याच्या वतीने शब्द देऊन बसलो होतो.

पण नावच शांतिसेना. मग लढाई कशी सुरू झाली?

पहिले काही आठवडे जाफन्यात जवानांच्या गळ्यात हार पडले. ४ ऑगस्टला एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन याने सुदुमलै इथल्या सभेत शस्त्रे देण्याचे जाहीर केले, आणि थोडी दिलीही. बरीचशी जुनी होती. सप्टेंबरात एलटीटीईचा थिलीपन पाच मागण्या घेऊन उपोषणाला बसला. पाण्याचा थेंबही न घेता २६ सप्टेंबरला तो गेला. जाफन्यातले जनमत तिथून फिरायला लागले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईच्या १७ जणांना समुद्रात पकडले. त्यांत दोन मोठे कमांडर होते. त्यांना पलाली विमानतळावर ठेवले होते. कोलंबोला त्यांना चौकशीसाठी तिकडे न्यायचे होते, आपल्या अधिकाऱ्यांना ते टाळायचे होते. टाळता आले नाही. ५ ऑक्टोबरला त्यांनी सायनाइड घेतले, बारा जण मेले. पाठोपाठ एलटीटीईने ताब्यातल्या श्रीलंकन सैनिकांना ठार केले, पूर्वेकडे सिंहली, म्हणजे देशातल्या बहुसंख्य समाजाच्या, नागरिकांच्या कत्तली केल्या. करार टिकवायचा तर आता एलटीटीईवर हात उचलणे भाग होते. १० ऑक्टोबरच्या सुमारास ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले. जे सैन्य दोघांच्या मध्ये उभे राहायला गेले होते, ते स्वतःच एक बाजू झाले.

जाफना तर आपण दोन-अडीच आठवड्यांत घेतले. मग ही मोहीम फसली असे का म्हणता?

जाफना घेतले हे खरे. त्याची किंमतही सांगायला हवी.

१२ ऑक्टोबरच्या पहाटे, अंधारातच, जाफना विद्यापीठाच्या मैदानावर एमआय-८ हेलिकॉप्टरांनी पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवले. एलटीटीईचे म्होरके तिथे सापडतील असा बेत होता. बेत आधीच फुटला होता, वाघ दबा धरून बसले होते. हेलिकॉप्टरांवर असा मारा झाला की पुढची खेप उतरवता आली नाही. उतरलेले ३० शीख जवान एकटे पडले. गोळ्या संपेपर्यंत ते लढले. त्यांतले २९ मेले, एक कैद झाला. कमांडो एका घरात मोर्चा धरून राहिले, त्यांना सोडवायला रणगाडे रेल्वेच्या रुळांवरून नेण्यात आले, कारण रस्त्यांत सुरुंग पेरलेले होते.

आपल्याकडचे नकाशे जुने होते. जवानांच्या हातात जड एसएलआर रायफल होती, समोरच्या पोरांकडे एके-४७. ज्यांना आपणच तयार केले होते त्यांची ताकद आपल्यालाच नीट ठाऊक नव्हती. दिल्लीत वरच्या पातळीवर काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत एलटीटीई आवरेल अशी खात्री होती. शहर पडले आणि वाघ वन्नीच्या जंगलात गेले. पुढची दोन वर्षे रोजची गस्त, ताडांच्या रांगांमधले एकसारखे दिसणारे रस्ते, रस्त्याखालचे सुरुंग, आणि लुंगी नेसलेला समोरचा पोरगा शेतकरी की वाघ हे न कळणे. चार डिव्हिजन तिथे गुंतल्या. लष्कर समोरासमोरच्या लढाईत हरले नाही. पण एलटीटीईची शस्त्रे काढून घेणे हे जे काम होते, ते झाले नाही आणि होण्याची चिन्हेही नव्हती.

महाराष्ट्राचा या मोहिमेशी काय संबंध?

फार जवळचा. जाफन्यावर चाल करून गेलेल्या ९१ इन्फन्ट्री ब्रिगेडमध्ये ५ मद्रासबरोबर पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ८ महार या पलटणी होत्या. त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल सुंदरजी हे मूळचे महार रेजिमेंटचेच.

या मोहिमेतले एकमेव परमवीर चक्र ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मिळाले. जन्म मुंबईचा, शाळा-कॉलेज मुंबईच्या एसआयईएसमध्ये. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री जाफन्याजवळ शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात झाला. त्यांनी गडबडून न जाता वाघांना मागून वेढा घातला. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला पाडले आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. मुंबईतल्या किती शाळकरी मुलांना हे नाव माहीत आहे, हा प्रश्न मी दर वेळी विचारतो. हात फार थोडे वर होतात.

इतके जवान गेल्यावर माघार घेणे म्हणजे त्यांच्या बलिदानाचा अपमान नव्हे का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा लष्करी घरातले असतात, त्यामुळे उत्तर जपून देतो, पण बदलून देत नाही.

जवान हुकूम पाळतो. त्याचे शौर्य त्याच्या कृतीत असते, मोहीम सफल झाली की नाही यावर ते ठरत नाही. मेजर परमेश्वरन यांनी त्या रात्री जे केले त्याचे मोल १९९० मध्ये सैन्य परत आले म्हणून तसूभरही घटत नाही. आणि १९९५ पर्यंत सैन्य तिथेच ठेवले असते तरी ते वाढले नसते.

‘एवढे गेले, आता मागे कसे फिरायचे’ या वाक्याचा अर्थ शांतपणे लावून पाहा. जे गेले त्यांच्यासाठी आणखी काहींना पाठवायचे, आणि ते गेले की त्यांच्यासाठी आणखी. आईबापांना हे सांगण्याचे धैर्य असेल त्यानेच हा युक्तिवाद करावा. गेलेल्यांचे ऋण दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाने फिटत नाही. ते फेडायचे मार्ग वेगळे आहेत: त्यांची नावे लक्षात ठेवणे, जखमींची आणि विधवांची पेन्शन वेळेवर देणे, कुठे चुकले ते लपवून न ठेवणे. यांतले आपण किती केले, याची मला जास्त लाज वाटते.

आणखी वर्षभर दिले असते तर एलटीटीई संपली असती, असे काही निवृत्त अधिकारी म्हणतात.

त्यांचा अनुभव मोठा आहे आणि त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. १९८९ पर्यंत वाघांना जंगलात रेटले गेले होते, त्यांची बरीच हानी झाली होती, हे खरे.

पण वर्ष देणार कोण? डिसेंबर १९८८ मध्ये प्रेमदासा अध्यक्षपदी निवडून आले. भारतीय सैन्य घालवून देऊ, हे त्यांचे वचनच होते. दक्षिणेत जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाचे सशस्त्र बंड भारतविरोधाच्या इंधनावर पेटले होते. १ जून १९८९ रोजी प्रेमदासांनी २९ जुलैपर्यंत चालते व्हा अशी जाहीर मागणी केली. इतकेच नाही, आपले सैन्य ज्यांच्याशी लढत होते त्याच एलटीटीईशी त्यांनी बोलणी सुरू केली आणि तिला शस्त्रे पुरवली. हे पुढे उघड झाले.

म्हणजे ज्या सरकारच्या विनंतीवरून आपण गेलो, तेच आता शत्रूच्या हातात बंदूक देत होते. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांतल्या अनेकांना आपण नकोसे झालो होतो. सिंहलींना तर पहिल्या दिवसापासून नको होतो. करारानंतर दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर रायफलीचा दस्ता उगारला होता. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत झाली होती. अशा वेळी आणखी एक वर्ष हा लष्करी हिशेब उरत नाही.

नेमकी माघार कोणी घेतली, राजीव गांधींनी की व्ही. पी. सिंगांनी?

दोघांनी. सप्टेंबर १९८९ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने डिसेंबरअखेर परतण्याचे मान्य केले, माघार सुरूही झाली. डिसेंबरात सत्ताबदल झाला आणि व्ही. पी. सिंगांच्या सरकारने मार्च १९९० पर्यंत ती पूर्ण केली. त्यामुळे ‘एकाने जिंकत आणलेले दुसऱ्याने घालवले’ ही कथा तारखांना धरून नाही.

तिथेच राहायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा कोणता?

जे मागे राहिले त्यांचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतात निवडणूक झाली. ईपीआरएलएफ या तमिळ गटाचे वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. त्यांचे सरकार आपल्या संगिनींच्या आधाराने उभे होते. माघार ठरल्यावर त्यांच्या रक्षणासाठी घाईघाईने तमिळ नॅशनल आर्मी उभी करण्यात आली. त्यात कोवळ्या पोरांना जबरदस्तीने भरती केले गेले, थोडे दिवस कवायत करून हातात बंदुका दिल्या गेल्या. आपले सैन्य जसजसे एकेक जिल्हा सोडत गेले, तसतसे वाघ त्यांच्यावर तुटून पडले. कित्येक पोरे मारली गेली. मार्च १९९० मध्ये पेरुमाळ यांनी एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि ते भारतात आले. साध्या कार्यकर्त्यांतल्या सगळ्यांना मात्र जहाज मिळाले नाही.

या मुद्द्याला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही. एवढेच म्हणतो की हा माघारीच्या विरोधातला मुद्दा जितका आहे, त्याहून जास्त माघारीच्या रीतीविरुद्धचा आहे. परतायचे ठरले त्याच दिवशी पहिला प्रश्न हा हवा होता: आपल्याबरोबर उभे राहिले म्हणून कोणाकोणाचा जीव धोक्यात येणार आहे? त्या सगळ्यांना कुटुंबासह आणता आले असते. लाखभर निर्वासितांना तमिळनाडूने सामावून घेतले होते, हे काही हजार जड झाले नसते. त्याऐवजी अडाणी पोरांच्या हातात रायफली ठेवून आपण निघालो.

आपल्या सैन्याने तिथे अत्याचार केले का?

होय, केले असे सांगणारे बरेच काही आहे, आणि मराठी वाचकाने त्यापासून तोंड फिरवू नये. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठ-सत्तर लोक मारले गेले. रुग्णालयातून आमच्यावर गोळीबार झाला, असे आपल्या बाजूने सांगण्यात आले. तिथे वाचलेल्यांचे म्हणणे वेगळे आहे. अशा आणखीही घटनांचे आरोप आहेत.

जवान राक्षस होते म्हणून हे घडले असे मी मानत नाही. काल ज्या गल्लीत आपला सोबती सुरुंगाने उडाला, त्याच गल्लीत आज बायामुलांशी संयमाने वागायचे, भाषा कळत नाही, आणि घरी कधी जायचे ते ठाऊक नाही. अशा लढाईत दिवस वाढतात तसे सैन्य आतून झिजते. माघारीचा विचार करताना ही झीजही मोजायला हवी, आणि मारल्या गेलेल्यांना आपल्या संख्येत जागा द्यायला हवी.

माघारीनंतर तिथे शांतता आली का?

नाही. जून १९९० मध्येच एलटीटीईने पुन्हा युद्ध छेडले. पूर्वेकडे शरण आलेल्या शेकडो पोलिसांना मारले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर इथे राजीव गांधींची हत्या केली. ज्या प्रेमदासांनी तिला शस्त्रे दिली होती, त्यांनाही १ मे १९९३ रोजी कोलंबोत आत्मघाती हल्ल्यात संपवले.

मग राजीव गांधींची हत्या हाच माघार चुकल्याचा पुरावा नाही का?

मला तसे वाटत नाही. ती हत्या श्रीलंकेत सैन्य पाठवल्याचा सूड म्हणून आणि राजीव गांधी पुन्हा सत्तेवर येऊन सैन्य परत पाठवतील या भीतीने झाली, असेच सामान्यतः मानले जाते.

श्रीलंकेने २००९ मध्ये एलटीटीई संपवलीच ना? म्हणजे लष्करी मार्ग होता.

होता, पण त्यांच्यासाठी, आणि केवढ्या किमतीला ते पाहा. २००४ मध्ये एलटीटीईचा पूर्वेकडचा कमांडर करुणा फुटला होता. २००१ नंतर परदेशातून येणाऱ्या पैशांवर जगभर बंधने आली होती. सरकार स्वतःच्या भूमीवर, स्वतःच्या मतदारांच्या पाठिंब्याने लढत होते. आणि शेवटच्या काही महिन्यांत मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावर अडकलेल्या नागरिकांची संख्या प्रचंड होती. मृतांचा आकडा ४०,००० पर्यंत असू शकतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने म्हटले. हे काम १९८९ मध्ये भारतीय जवानांच्या हातून, तमिळनाडूच्या डोळ्यांदेखत करवून घ्यायला हवे होते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते स्पष्ट शब्दांत म्हणावे.

इतर देशांचा अनुभव काय?

अमेरिकेचे व्हिएतनाममध्ये ५८,००० हून अधिक सैनिक गेले. १९७३ मध्ये सैन्य परतले, १९७५ मध्ये सायगॉन पडले. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून फेब्रुवारी १९८९ मध्ये निघाल्या, म्हणजे आपण श्रीलंकेत असतानाच. त्याच अफगाणिस्तानातून ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका बाहेर पडली तेव्हा काबूल विमानतळावर दुभाषे आणि त्यांची कुटुंबे विमानांमागे धावताना जगाने पाहिली. ती दृश्ये बघताना मला तमिळ नॅशनल आर्मीची पोरे आठवली.

मग परक्या भूमीवरचे फसलेले युद्ध सोडायची वेळ आली, हे ओळखायचे कसे?

सूत्र सांगता येणार नाही, पण मी तीन गोष्टी बघतो. ज्यासाठी गेलो ते उद्दिष्ट आजही तेच आहे का, की तोंड राखणे एवढेच उरले आहे? तिथल्या लोकांना आणि सरकारला आपण हवे आहोत का? आणि पुढच्या वर्षी काय वेगळे घडणार आहे, हे कोणी ठोस सांगू शकते का? १९८८ च्या अखेरीस श्रीलंकेबाबत या तिन्हींची उत्तरे आपल्या विरुद्ध गेली होती. त्यानंतरचे सव्वा वर्ष प्रतिष्ठेपायी गेले. त्या सव्वा वर्षात गेलेल्या जवानांबद्दल मला सर्वाधिक वाईट वाटते.

परत आलेल्यांचे स्वागत कसे झाले?

थंड. मार्च १९९० मध्ये जहाजे मद्रासला लागली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांना मारणाऱ्या सैन्याचे स्वागत आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तमिळनाडूच्या दुःखाचा मान राखूनही मला ते पटत नाही. जवानाने स्वतःहून ते युद्ध निवडले नव्हते. बाकी देशही फारसा उत्साही नव्हता. या मोहिमेतल्या निवृत्त सैनिकांना पुढे कित्येक वर्षे आपला स्मृतिदिन स्वतःच पाळावा लागला.

तेरावी घटनादुरुस्ती म्हणजे काय? करारातून काहीच हाती आले नाही का?

थोडे आले. करारानुसार नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेने तेरावी घटनादुरुस्ती करून प्रांतिक परिषदा निर्माण केल्या. त्या आजही घटनेत आहेत. जमीन आणि पोलीस यांचे अधिकार मात्र प्रत्यक्षात प्रांतांकडे गेले नाहीत, आणि उत्तर-पूर्वेचे एकत्रीकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरवले.

या जवानांचे स्मारक कुठे आहे? जाता येते का?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यांची नावे आहेत. दुसरे स्मारक खुद्द श्रीलंकेत आहे, कोलंबोलगत श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथे, त्यांच्या संसदेपासून जवळ. कोलंबोहून रिक्षाने जाता येते. महाराष्ट्रातून बरेच लोक हल्ली श्रीलंकेच्या सहलीला जातात. कँडी, सीगिरिया, समुद्रकिनारे बघून परततात. कार्यक्रमात एक तास काढा. भिंतीवर नावे पलटणींसह कोरलेली आहेत. ८ महार आणि मराठा लाइट इन्फन्ट्री शोधा, आणि ती नावे मोठ्याने वाचा.